बँकेत अकरा लाख चाळीस हजार, त्यातले संस्थेचे किती?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी सहा अभ्यासिका, अकरा पगारी माणसे, वर्षाचा खर्च ४२ लाख. त्यातले २६ लाख एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, येतात, १६ लाख लोकांच्या देणग्यांमधून. ३१ मार्चला बँकेत सगळे मिळून ११ लाख ४० हजार होते. कंपनीचा करार येत्या मार्चला संपतो. तुमचे ज्येष्ठ विश्वस्त म्हणतात, संस्थेने पैसा साठवायचा नसतो. दुसरे म्हणतात, सगळ्याची एफडी करून टाका. तिसऱ्यांच्या मनात धायरीला एक छोटी जागा घ्यायची आहे. आणि तुम्हाला हवे आहे एक उत्तर : राखीव निधी किती असावा, आणि तो आयकराच्या १५ टक्क्यांच्या नियमात बसतो का?

मी पुण्यातल्या लहान संस्थांचे हिशेब आणि अंदाजपत्रके पाहण्याचे काम बरीच वर्षे करते आहे. माझ्या मते तुमच्या तिन्ही विश्वस्तांचा वाद ज्या आकड्यावर चालला आहे, तो आकडाच आधी तपासायला हवा. ११ लाख ४० हजार ही बँकेतली शिल्लक आहे. तिला तुम्ही सगळेच 'संस्थेचा पैसा' म्हणता आहात. तसे ते नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवरूनच वजाबाकी करू. फेब्रुवारीत कंपनीचा जो हप्ता आला, त्यातले साडेपाच लाख ३१ मार्चला अजून खर्च व्हायचे बाकी होते. ते एप्रिल ते जूनच्या ठरलेल्या कामाचे आहेत. ते दुसरीकडे वापरले तर खर्चाच्या अहवालात सापडतील, आणि सापडायलाच हवेत. ते बाजूला काढले की राहिले ५ लाख ९०. त्यात दोन लाखांचा कायम निधी आहे, एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ दिलेला, फक्त व्याज वापरायच्या अटीवर. राहिले ३ लाख ९०. मार्चचे पगार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेले, शिवाय पीएफ, टीडीएस, ऑडिटची फी, वह्यांचे बिल, ही देणी १ लाख ६० हजार. राहिले २ लाख ३०.

आता एक गोष्ट, जी तुमच्या ताळेबंदात बहुधा नसेल. अकरा माणसे म्हणजे ग्रॅच्युइटी लागू होते, दहापासूनच होते. तुमच्याकडच्या दोन ताई सात-आठ वर्षे शिकवत आहेत. शेवटच्या मासिक पगाराला पंधराने गुणून सव्वीसने भागायचे आणि वर्षांनी गुणायचे. बारा हजार पगार आणि आठ वर्षे झाली असतील तर एकीचेच ५५ हजारांवर जातात. दोघींचे मिळून नव्वद हजार धरू. हे पैसे आज द्यायचे नाहीत, पण देणे आजच तयार झालेले आहे. ते काढले की उरतात १ लाख ४० हजार.

तुमचा महिन्याचा खर्च साडेतीन लाख आहे. म्हणजे कोणाची परवानगी न घेता, कोणाचा शब्द न मोडता वापरता येईल असा मोकळा पैसा बारा दिवसांचा आहे. विश्वस्तांच्या बैठकीत एफडी, जागा, साठवणे-न साठवणे यातले काहीही बोलण्याआधी हा एक कागद सगळ्यांसमोर ठेवा. मी पाहिलेल्या बहुतेक संस्थांमधला हा वाद असा कागद आल्यावर पुष्कळ निवळला, कारण जो पैसा साठवल्याचा आरोप होता तो मुळात नव्हताच. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या संगणक प्रणालीत, बांधील आणि मोकळा पैसा वेगळा दिसेल अशी खाती आपल्या लेखनिकाकडून करून घ्या, आणि दर तीन महिन्यांनी ही वजाबाकी बैठकीत वाचून दाखवा. बँकेचे पासबुक वाचून संस्थेची तब्येत कळत नाही.

आता किती असावा. 'तीन ते सहा महिन्यांचा खर्च' असे उत्तर तुम्हाला सगळीकडे ऐकायला मिळेल. ते चुकीचे नाही, पण ते तुमच्या संस्थेकडे पाहून दिलेले नाही. मी दोन वेगवेगळ्या संकटांचा हिशेब वेगवेगळा करते, कारण त्यांचे स्वरूप वेगळे आहे.

पहिले संकट म्हणजे पैसा येणार आहे, पण उशिरा. सीएसआरमध्ये हे जवळजवळ दरवर्षी होते. कंपनीचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, मग समितीची बैठक, संचालक मंडळाची मंजुरी, करारनामा, सह्या, आणि पहिला हप्ता जुलै-ऑगस्टमध्ये. अभ्यासिका मात्र जूनच्या मध्याला शाळा उघडल्या की भरलेल्या असतात, आणि पगार एप्रिल-मेचेही द्यायचे असतातच. तुमच्या कंपनीचा वाटा महिन्याला साधारण २ लाख १७ हजार येतो. चार महिने उशीर धरला तर पावणेनऊ लाखांच्या जवळ जातो. त्यात भर म्हणजे लोकांच्या देणग्या वर्षभर सारख्या येत नाहीत. दिवाळीत येतात आणि मार्चमध्ये येतात, उन्हाळ्यात जवळपास थांबतात. म्हणून या संकटासाठी मी दहा लाख धरीन.

दुसरे संकट म्हणजे पैसा येणारच नाही. करार संपला आणि कंपनीने पुढे नको म्हटले. अशा वेळी तुम्ही सहाच्या सहा अभ्यासिका चालवत राहणार नाही, राहूही नये. मनाला कितीही लागले तरी काही बंद कराव्या लागतील किंवा दुसऱ्या संस्थेकडे सोपवाव्या लागतील. प्रश्न असा विचारा : संस्था जिवंत राहिली असे म्हणायला कमीत कमी काय चालू हवे? समजा तीन अभ्यासिका, त्यांच्या ताई, एक समन्वयक, अर्धवेळ हिशेबनीस आणि भाडे, मिळून महिन्याला दोन लाख. लोकांच्या देणग्या सरासरीने महिन्याला १ लाख ३३ हजार आहेत. म्हणजे तूट ६७ हजारांची. नवा देणगीदार शोधून, त्याच्याकडून मंजुरी मिळून पैसा हातात पडेपर्यंत दीड वर्ष जाते, निदान मी पाहिले आहे त्यात तरी. ६७ हजार गुणिले अठरा, म्हणजे बारा लाख.

दोन वेगळ्या वाटांनी आपण दहा-बारा लाखांच्या आसपास पोहोचलो. तुमच्या एकूण खर्चाच्या हिशेबाने हे साडेतीन महिन्यांचेही नाही. पण आता हा आकडा कुठून आला हे तुम्हाला कोणत्याही विश्वस्ताला किंवा देणगीदाराला सांगता येईल, आणि परिस्थिती बदलली की तो बदलताही येईल. उद्या सीएसआरचा वाटा ६२ टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर आला तर एवढ्या निधीची गरजच उरणार नाही. उलट तुम्ही निवासी वसतिगृह चालवत असता तर मी याच्या दुप्पट सांगितले असते. अभ्यासिका पंधरा दिवस बंद ठेवता येते. मुले राहायलाच असतील तर एक दिवसही ठेवता येत नाही. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांचे नियम आणखी वेगळे असतात. तुम्ही एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा, उल्लेख केलेला नाही, म्हणून तो विषय मी सोडते.

आता कायदा. इथे गैरसमज फार आहेत, म्हणून थोडे सविस्तर.

आयकराचा नियम असा की वर्षाच्या उत्पन्नातले निदान ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवेत. उरलेले १५ टक्के संस्था बिनशर्त ठेवू शकते. पुष्कळ विश्वस्तांना वाटते की हे १५ टक्केही पाच वर्षांत संपवावे लागतात. तसे नाही. पाच वर्षांची मर्यादा असते ती १५ टक्क्यांच्या पलीकडे, एखाद्या ठरावीक कामासाठी ठराव करून, फॉर्म भरून साठवलेल्या रकमेला. बिनशर्त १५ टक्के संस्थेकडे कितीही वर्षे राहू शकतात, फक्त कायद्याने परवानगी दिलेल्या गुंतवणुकीत राहायला हवेत. तुमचे उत्पन्न एखाद्या वर्षी ४४ लाख झाले तर ६ लाख ६० हजारांपर्यंत बाजूला ठेवायला आयकराची आडकाठी नाही. तुमच्याकडे उरतील फार तर दोन लाख. म्हणजे तुमची अडचण कायद्याची नाहीच, उरवण्याची आहे.

दोन बारकावे मात्र तुमच्या हिशेबनिसाला नीट माहीत हवेत. एक, २०२२ च्या वित्त कायद्यापासून जो खर्च प्रत्यक्ष दिला गेला तोच त्या वर्षाच्या ८५ टक्क्यांत धरतात. मार्चचे पगार एप्रिलमध्ये गेले तर ते पुढच्या वर्षात मोजले जातात. दोन, मार्चच्या शेवटी मोठा हप्ता येऊन पडला आणि ८५ टक्के गाठता येत नसतील तर ती रक्कम पुढच्या वर्षी खर्च करण्याचा पर्याय निवडता येतो. पण तो मुदतीत, फॉर्म भरून कळवावा लागतो. मुदत चुकली की सवलत धोक्यात येते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. ८५ टक्क्यांचे तत्त्व तेच राहिले आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे फॉर्मचे नाव आणि तारीख जुन्या फाईलवरून घेऊ नका, सीएंकडून या वर्षीची लेखी घ्या.

कायम निधीबद्दल, म्हणजे कॉर्पसबद्दलही सांगते, कारण एक सल्ला सर्रास दिला जातो : 'सगळ्या मोठ्या देणग्या कॉर्पस म्हणून घ्या, म्हणजे ८५ टक्क्यांची कटकट नको.' मला हा सल्ला लहान संस्थेसाठी योग्य वाटत नाही. कॉर्पस म्हणून घ्यायला देणगीदाराचे तसे स्पष्ट लेखी हवे, आणि ती रक्कम वेगळी ओळखू येईल अशी गुंतवलेली हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अडचणीच्या वेळी कॉर्पसमधून केलेला खर्च त्या वर्षीचा खर्च म्हणून मोजत नाहीत. तो पैसा परत भरला, तोही पाच वर्षांच्या आत, तरच मोजतात. जो पैसा पगार थकल्यावर वापरायचा आहे तो अशा कप्प्यात ठेवून काय उपयोग? राखीव निधी हा राखीव निधीच असू द्या. आपल्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली ताळेबंद ज्या परिशिष्ट आठच्या नमुन्यात आपण दरवर्षी भरतो, त्यात कॉर्पसच्या खाली इतर निधींमध्ये राखीव निधीची ओळ छापलेलीच आहे. ठराव करायचा, त्या ओळीत रक्कम दाखवायची.

तुमच्या ज्येष्ठ विश्वस्तांना ही ओळ जरूर दाखवा, पण त्यांचे म्हणणे नुसते खोडून काढू नका. त्यामागे एक मोठी परंपरा आहे. सार्वजनिक संस्थेने कायम निधीवर जगू नये, दरवर्षी लोकांकडे जावे, म्हणजे लोकमताचा धाक राहतो, हे मत खुद्द गांधीजींचे होते. आणि पुण्यात तर याचे जिवंत उदाहरण आहे. महर्षी कर्व्यांच्या संस्थेसाठी भाऊबीज निधी गोळा करणारे कार्यकर्ते पिढ्यान् पिढ्या दिवाळीत घरोघर जात आले आहेत. तो निधी मोठा असो की छोटा, त्यामुळे संस्था दरवर्षी हजारो घरांच्या उंबऱ्यावर उभी राहते. मी तुमच्या विश्वस्तांना एवढेच म्हणेन की गांधीजींचा आक्षेप संस्थेला लोकांची गरजच उरू नये अशा कायमच्या ठेवीला होता. चार महिन्यांच्या पगाराची सोय त्यात येत नाही. त्यांच्या शंकेचा मान राखायचा सर्वात चांगला मार्ग म्हणजे निधीला वरची मर्यादाही घाला. ठरावात लिहा, राखीव निधी बारा लाखांपर्यंतच, त्यापुढे जे उरेल ते पुढच्या वर्षीच्या कामाला. साठवायचे किती याबरोबर थांबायचे कुठे हेही लिहिलेले असले की त्यांना हरकत घ्यायला फारसे कारण राहत नाही.

मग हे दहा-बारा लाख उभे कसे राहणार? एका वर्षात नाही. दरवर्षी दोन लाख बाजूला पडले तर १ लाख ४० हजारांपासून पाच वर्षांत ११ लाख ४० हजार होतात, व्याज धरले तर बारा पार. योगायोगाने आज बँकेत दिसणाराच आकडा, फरक इतकाच की तेव्हा तो खरोखर तुमचा असेल.

दोन लाख कुठून काढायचे हे मी ज्या संस्थांचे पाहते त्यांना सगळ्यात आधी सीएसआरच्या अंदाजपत्रकात शोधायला सांगते. सीएसआरचा पैसा राखीव निधीत टाकता येत नाही, आणि जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीपासून कंपनीने कोणत्याही संस्थेच्या कॉर्पसला दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. तो दरवाजा बंद आहे. पण प्रकल्पाचा खरा खर्च पूर्ण मागता येतो, आणि लहान संस्था तो मागत नाहीत. तुमच्या चार अभ्यासिका कंपनीच्या पैशावर चालतात असे तुम्ही लिहिले आहे. अंदाजपत्रकात ताईंचे मानधन, वह्या-पुस्तके, खाऊ आहे. समन्वयकाचा पगार? तो 'संस्थेचा'. ऑफिसचे भाडे, हिशेबनीस, ऑडिट, पीएमपी बसचे पास, ताईंच्या प्रशिक्षणाचे दिवस, ग्रॅच्युइटीची तरतूद? तेही 'संस्थेचे'. म्हणजे पर्वतीतल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने दिलेले पाच हजार कंपनीच्या प्रकल्पाचे भाडे भरायला जातात. हे मला मनापासून अन्यायाचे वाटते. त्या शिक्षकांवर तर अन्याय आहेच, तुमच्या कामावरही आहे, कारण त्यामुळे काम खऱ्यापेक्षा स्वस्त दिसते आणि पुढच्या वर्षी तेवढ्याच पैशात आणखी मागितले जाते.

यावर कंपनीतून ठरलेले उत्तर येते : 'प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.' कायद्यातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या व्यवस्थापन खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेला त्या प्रकल्पासाठी येणाऱ्या खर्चाला ती लागत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये काढलेल्या प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकात प्रशासकीय खर्चाची व्याख्या स्पष्ट केलेली आहे. ते परिपत्रक अंदाजपत्रकाला जोडा. तरी कंपनी आपल्या धोरणापायी टक्केवारीवर अडून बसू शकते, तो तिचा अधिकार आहे. म्हणून मी 'प्रशासन' अशी एकगठ्ठा ओळ लिहूच देत नाही. समन्वयकाचा चार अभ्यासिकांवर जाणारा वेळ टक्क्यांत काढून 'देखरेख' म्हणून, हिशेबनिसाचा भाग 'प्रकल्प लेखा' म्हणून, भाड्याचा भाग जागेच्या वापराप्रमाणे, असे प्रत्येक कामाखाली लिहायचे. यात लपवाछपवी काही नाही. वाटणी कशी केली याचा तक्ता जोडलेला असतो आणि ऑडिटरने तो पाहिलेला असतो. तुमच्या आकारमानाच्या संस्थेत अशाने वर्षाला दीड-दोन लाखांच्या स्थानिक देणग्या मोकळ्या व्हायला हरकत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सरळ मागणे. प्रत्येक स्थानिक देणगीतले दहा टक्के राखीव निधीला जातील असा ठराव करा आणि पावतीच्या मागे, पत्रकावर तो छापा. सोळा लाखांचे दहा टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. लोक यावर नाराज होतात असा माझा अनुभव नाही, नाराजी असते ती न सांगता केल्यावर. सांगताना 'राखीव निधी' एवढेच म्हणून थांबू नका. 'कंपनीचा हप्ता लांबला तरी ताईंचा पगार सात तारखेला व्हावा म्हणून' असे म्हणा. पुण्यातल्या निवृत्त माणसांना हे लगेच पटते.

आणि मार्चच्या देणग्यांवर पूर्वीइतके विसंबू नका. नव्या कर प्रणालीत व्यक्तींना देणगीवरची ८०जीची करवजावट मिळत नाही, आणि आता तीच प्रणाली मूळची धरली जाते, जुनी हवी तर निवडावी लागते. करासाठी मार्चमध्ये येणारा देणगीदार हळूहळू कमी होणार. दरमहा पाचशे-हजार बँकेतून आपोआप देणारी माणसे जितकी जास्त, तितका तुमचा उन्हाळा सुसह्य.

निधी वापरायचा कधी, हे आजच लिहून ठेवा. संकटात बसून नियम ठरवायला गेले की ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते. माझ्याकडच्या संस्थांसाठी मी साधारण असे सुचवते : मंजूर झालेला पण न आलेला पैसा येईपर्यंत पगार आणि भाड्यासाठी निधी वापरता येईल, अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सहीने, एका वेळी दोन महिन्यांच्या खर्चापर्यंत. त्याहून जास्त लागले तर विश्वस्तांची बैठक. पैसा आला की तीन महिन्यांत परत भरायचा. नव्या उपक्रमासाठी निधीला हात लावायचा नाही, तो कितीही चांगला असला तरी. आणि काम बंद करायची वेळ आली तर आधी माणसांची देणी : नोटिशीचा पगार, ग्रॅच्युइटी.

निधी नसला तर काय होते, तर एखादे विश्वस्त हातउसने देतात. प्रेमाने देतात, पण विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ प्रमाणे संस्थेसाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हातउसनेही कर्जच आहे, आणि ते ऑडिटमध्ये येते. परवानगी येईपर्यंत पगाराची तारीख थांबत नाही. त्यामुळे दुकानदार किंवा कारखानदार ओव्हरड्राफ्टवर वेळ निभावून नेतो तशी सोय आपल्याला नाही.

ठेवायचा कुठे याचे उत्तर छोटे आहे. संस्थेच्या नावावर, दोन किंवा तीन बँकांत, एक-एक दोन-दोन लाखांच्या वेगवेगळ्या मुदतींच्या एफडीत, म्हणजे लागेल तेवढीच मोडता येते. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच आहे, तोही फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी तो एक लाख होता. पुण्यात हे कोणाला वेगळे सांगायला नको. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला, मधली इतकी वर्षे ठेवीदार ताटकळले. दीड टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत तर ठेवूच नका, तिथे हा विमा नाही आणि विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये संस्थेचा पैसा कुठे गुंतवता येतो याची जी यादी आहे, तिच्यातही ती बसत नाही. म्युच्युअल फंड आयकराच्या यादीत असले तरी कलम ३५ ची चाळणी वेगळी आहे. बारा दिवसांचा मोकळा पैसा असलेल्या संस्थेने त्या वाटेला सध्या जाऊ नये.

ते दोन लाखांचे स्मृतिनिधीचे पैसे मात्र वेगळे लक्ष द्यायला लावतात. नव्वदच्या दशकात एफडीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे, आता त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त मिळते, आणि शाळेची फी तर कितीतरी पटींनी वाढली. अशा निधीचे सगळे व्याज दरवर्षी खर्च केले तर वीस वर्षांनी त्या आईच्या नावाने एका मुलीची वह्या-पुस्तकेसुद्धा निघणार नाहीत. देणाऱ्या कुटुंबाशी बोला, व्याजातला तिसरा हिस्सा मुद्दलात टाकायला त्यांची लेखी संमती घ्या.

या वर्षीपुरते सांगायचे तर राखीव निधी मार्चपर्यंत उभा राहणार नाही, तेव्हा सध्या वेळ मिळवा. कंपनीशी बोलणे ऑक्टोबरमध्ये करा, फेब्रुवारीत नको. पुढच्या वर्षीचे आकडे जानेवारीपर्यंत त्यांच्याकडे ठरत आलेले असतात. पूर्ण नूतनीकरण होत नसेल तर उतरत्या हप्त्यांनी दोन वर्षे मागा, पहिल्या वर्षी साठ टक्के, दुसऱ्या वर्षी तीस. बाहेर पडणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यालाही आपण मुलांना एकदम सोडले असे व्हायला नको असते, त्यामुळे हे पुष्कळदा मान्य होते. आणि ताईंना डिसेंबरमध्ये खरी परिस्थिती सांगा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कळले तर त्यांना दुसरे काम शोधायला जून उजाडतो.

राहिली धायरीची जागा. आज नको. आहे तो पैसा त्यात गेला तर बारा दिवसांचेही उरणार नाहीत, आणि एकदा घेतलेली स्थावर मालमत्ता विकायला किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. अडीनडीला ती उपयोगी पडत नाही. एखादा देणगीदार फक्त जागेसाठी पूर्ण रक्कम देत असेल तर विचार वेगळा, पण तेव्हाही सोसायटीचा मासिक खर्च, मिळकत कर आणि दुरुस्ती कोण देणार हे आधी ठरवा. तोवर भाड्याच्या जागेचा करार नोंदवून घ्या, जमल्यास तीन वर्षांचा, आणि मालकाकडची अनामत रक्कम ताळेबंदात येणे म्हणून दिसते आहे ना, हे एकदा पाहा. बऱ्याच संस्थांत ती भाड्याच्या खर्चात मिसळून गेलेली असते.